माग थांबला की नक्की किती बुडतं? उत्पादनातली गळती मोजण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं सांगतो. आमच्या घरी इचलकरंजीत माग होते, साधे, धोट्याचे, आणि मी पुढे इकॉनॉमिक्स शिकलो, त्यामुळे "आज उत्पादन कमी का?" हा प्रश्न मी घरात वेगळ्या आवाजात ऐकलाय आणि वर्गात वेगळ्या. दोन्हीकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. उदाहरणं जास्त मागाचीच आहेत, कारण मला तेच कळतं. तुमची फाउंड्री असेल नाहीतर बेकरी, हिशोबाची रीत तीच राहते.

"बुडालेलं उत्पादन" म्हणजे नक्की काय? जे झालंच नाही ते मोजायचं कसं?

जे झालं नाही ते मोजता येत नाहीच. मोजतात ते अंतर, म्हणजे जेवढं होऊ शकलं असतं वजा जेवढं झालं. "झालं" हा भाग सोपा, कापड मीटरने मोजा. सगळी भांडणं "होऊ शकलं असतं" वर असतात. मशीनच्या पाटीवर लिहिलंय तेवढं? शेजारच्या शेडमध्ये निघतं तेवढं? गेल्या दिवाळीआधी आपल्याच मागावर निघालं होतं तेवढं? रेषा कुठे मारली यावर नुकसान ठरतं. त्यामुळे कोणी नुकसानीचा आकडा सांगितला की मी आधी विचारतो, कशाच्या तुलनेत? निम्म्या वेळा उत्तरच येत नाही.

एकदा मागावर हिशोब करून दाखवा ना.

समजा माग मिनिटाला १२० पिक टाकतो (पिक म्हणजे आडवा धागा एकदा आरपार) आणि पाळी १२ तासांची आहे. १२० गुणिले ६० गुणिले १२ म्हणजे ८६,४०० पिक. कापड ५२ पिकाचं, म्हणजे इंचाला ५२ धागे, तर ८६,४०० भागिले ५२ बरोबर साधारण १,६६१ इंच, म्हणजे ४२ मीटरच्या किंचित वर. हे झालं कागदावरचं. संध्याकाळी घडी मोजली तर भरलं ३१ मीटर. मागाची इफिशियन्सी साधारण ७३ टक्के, आणि ११ मीटर "बुडालं".

७३ टक्के म्हणजे कामगार कामचुकार आहे का?

हा प्रश्न मालक मंडळी पहिल्यांदा विचारतात, आणि म्हणूनच एकटा ७३ हा आकडा धोकादायक आहे. ते ११ मीटर कुठे गेले बघा. बाणा (आडवं सूत) संपला, कांडी (धोट्यातली सुताची गुंडाळी) बदलायला माग थांबला. सूत हलकं होतं म्हणून ताण्याचे (उभ्या सुताचे) तार सारखे तुटत होते. सायझिंग, म्हणजे ताण्याला खळ लावणं, नीट झालेलं नव्हतं. बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) उतरलं आणि नवीन बीम वेळेवर आलंच नाही. वीज गेली. जॉबर (माग दुरुस्त करणारा) दुसऱ्या मागावर अडकला होता. आणि हो, अर्धा तास कामगार चहाला गेला तो गेलाच. यातल्या बऱ्याचशा गोष्टी कामगाराच्या हातात नसतात, सूत कोणी आणलं? मालकाने. पण मजुरी मीटरवर असल्यामुळे हलक्या सुताचा फटका पहिला त्याच्याच खिशाला बसतो. हे आमच्या घरात बोललं की जेवणाच्या ताटावर वातावरण गरम व्हायचं.

ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस) म्हणतात ते हेच का? आणि ८५ टक्के असलंच पाहिजे हे कुठून आलं?

जवळजवळ हेच, पण तीन तुकड्यांत. मशीन किती वेळ चालू होतं, चालू असताना ठरलेल्या वेगाने चाललं का, आणि निघालेल्या मालातला चांगला किती. तिन्हींचा गुणाकार करायचा. जपानच्या सेइची नाकाजिमांनी टीपीएम (सगळ्यांनी मिळून मशीन सांभाळायची पद्धत) सोबत हे माप लोकप्रिय केलं. ८५ येतं ते ९० टक्के वेळ, ९५ टक्के वेग आणि ९९ टक्के दर्जा यांच्या गुणाकारातून, करून बघा, ८४.६ येतं. तो काही निसर्गाचा नियम नाही. एकाच प्रकारचा माल महिनोन्महिने चालवणाऱ्या लाइनला ८५ सोपं आहे आणि दर चार दिवसांनी क्वालिटी बदलणाऱ्या खर्चीवाल्याला (मजुरीवर दुसऱ्याचं कापड विणणाऱ्याला) ६५ सुद्धा कौतुकाचं असू शकतं, तरी ८५ ची पाटी ऑफिसात लावून लोक एकमेकांना दमात घेतात.

गुणाकारात आणखी एक गोची आहे. वेग वाढवला की तार जास्त तुटतात, म्हणजे एक आकडा वर गेला की दुसरा आपोआप खाली येतो.

मग इकॉनॉमिक्सवाले वेगळं काय करतात?

इंजिनियर एका मशीनकडे बघतो. इकॉनॉमिक्सवाला विचारतो, एवढा माल काढायला माणसं, मशीन, वीज, सूत सगळं मिळून किती लागलं आणि इतरांना किती लागतं. १९५७ मध्ये फॅरेल नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने याची रीत मांडली, उदाहरण अमेरिकन शेतीचं घेतलं होतं. त्याआधी १९५१ मध्ये कूपमान्स आणि डब्रू यांनी पाया घातला होता. फॅरेलचं म्हणणं साधं होतं, पुस्तकातली आदर्श रेषा शोधत बसू नका, प्रत्यक्षात जे सगळ्यात बरं काम करतायत त्यांच्यावरून रेषा काढा आणि बाकीचे तिच्यापासून किती लांब आहेत ते मोजा.

उदाहरण घ्या. १,००० मीटर कापडाला तीन शेडमध्ये काय लागतं (आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत):

शेड अ: कामगाराचे १०० तास, मागाचे ३०० तास.
शेड ब: कामगाराचे ६० तास, मागाचे ५०० तास.
शेड क: कामगाराचे १०० तास, मागाचे ५०० तास.

क तर उघडच मागे आहे, पण किती? अ आणि ब च्या बरोबर मधला बिंदू घ्या, ८० आणि ४००. अर्धं कापड अ च्या पद्धतीने आणि अर्धं ब च्या पद्धतीने काढलं तर एवढंच लागेल. क ला दोन्ही गोष्टी त्याच्या सव्वापट लागतायत, म्हणजे क ची टेक्निकल इफिशियन्सी ८० टक्के. तोच माल २० टक्के कमी माणूस-तासांत आणि २० टक्के कमी माग-तासांत निघायला हवा होता.

पण ब मध्ये माग निम्मा वेळ उभेच दिसतायत, तरी त्याला १०० टक्के?

हो! आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबतो. अ मध्ये एका कामगाराकडे तीन माग, तार तुटला की तो लगेच हजर, माग फारसा थांबत नाही. ब मध्ये एका कामगाराकडे आठ माग, चार नंबरचा सुरू करेपर्यंत सात नंबरचा थांबलेला. मागाची इफिशियन्सी बघितली तर ब ची शेड म्हणजे लाज. पण त्याने माणूस वाचवलाय ना! दोघेही रेषेवरच आहेत, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

मग शहाणा कोण? ते भावावर ठरतं. ब ने कामगाराचे ४० तास वाचवले आणि मागाचे २०० तास जास्त घालवले. म्हणजे कामगाराचा एक तास मागाच्या पाच तासांपेक्षा महाग असेल तर ब बरोबर, स्वस्त असेल तर अ बरोबर. माग जुना, भंगारातून घेतलेला, कर्ज फिटलेलं, तर त्याचा तास जवळपास फुकट, उभा राहिला तर राहू दे. तोच एअरजेट (हवेच्या झोताने बाणा टाकणारा नवा माग) असेल, बँकेचा हप्ता चालू असेल, तर एक मिनिट थांबलेला परवडत नाही. फॅरेलने याला किंमतीची इफिशियन्सी म्हटलं, आता अ‍ॅलोकेटिव्ह म्हणतात, आणि टेक्निकलशी तिचा गुणाकार केला की एकूण येते. बाहेरून आलेला सल्लागार जुन्या मागांच्या शेडमध्ये उभा राहून "तुमचे माग किती वेळ बंद असतात बघा" म्हणतो तेव्हा त्याने हा भागाकार केलेला नसतो.

डीईए (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस) आणि एसएफए (स्टोकॅस्टिक फ्रंटियर अ‍ॅनालिसिस) मध्ये फरक काय?

वर केलं ती डीईएचीच छोटी आवृत्ती. चार्न्स, कूपर आणि रोड्स यांनी १९७८ मध्ये ती लिनियर प्रोग्रामिंगमध्ये बसवली, त्यामुळे दहा प्रकारचे इनपुट आणि शंभर कारखाने असले तरी कॉम्प्युटर रेषा काढून देतो. कोणता फॉर्म्युला गृहीत धरावा लागत नाही हा फायदा. तोटा असा की रेषेपासूनचं सगळं अंतर ती गैरकारभारात जमा करते, त्या महिन्यात पूर आला होता, वीज गेली होती, नाहीतर क्लार्कने आकडा चुकवला, तिला काही पडलेली नाही.

एसएफए १९७७ मध्ये आली, एकाच वर्षी दोन वेगळ्या गटांनी मांडली. ती अंतराचे दोन भाग करते, एक नशिबाचा, जो दोन्ही बाजूला जाऊ शकतो, आणि एक खऱ्या ढिलाईचा, जो फक्त खालीच जातो. ऐकायला छान वाटतं, पण हे दोन भाग वेगळे करायला ढिलाई कारखान्यांमध्ये कशी पसरलेली असेल ते आपणच आधी गृहीत धरायचं असतं. म्हणजे एसएफएमध्ये फॉर्म्युल्यावर विश्वास ठेवा, डीईएमध्ये आकड्यांवर ठेवा. डेटा गचाळ असेल तर मी एसएफएकडे झुकतो.

आमच्या युनिटला डीईए मध्ये १०० टक्के आले! म्हणजे सुधारायला काही नाही?

वासरात लंगडी गाय शहाणी. तुलना ज्यांच्याशी केली त्यात तुम्ही पुढे आहात एवढाच अर्थ. सगळं गावच मागे असेल तर मागासलेल्यांतला पहिला पण १०० टक्केच. शिवाय युनिट १२ आणि इनपुट ८ घेतले की जवळपास सगळ्यांनाच १०० मिळतात, एमएच्या प्रोजेक्टमध्ये हे सर्रास दिसतं आणि परीक्षक खूश होऊन मार्क देतात.

एक्स-इनएफिशियन्सी हा काय प्रकार?

१९६६ मध्ये हार्वी लायबेनस्टाइनने काढलेला शब्द. त्याचं म्हणणं, मक्तेदारी, चुकीच्या किंमती वगैरेमुळे होणारं नुकसान अर्थतज्ज्ञ मोजत बसतात आणि ते फार थोडं निघतं, खरं नुकसान कारखान्याच्या आत आहे, माणसं आणि मॅनेजर जीव लावून काम करत नाहीत त्यात. जॉर्ज स्टिगलरने १९७६ मध्ये त्याची खिल्ली उडवली, की बाबा माणसाने आराम निवडला तर ते वाया गेलं असं कसं म्हणता? दोघांचंही पटतं, अडचण तीच आहे.

भारतात कोणी प्रत्यक्ष प्रयोग करून बघितलाय का?

बघितलाय, आणि तोही आपल्या शेजारी. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव पट्ट्यातल्या विणकाम कारखान्यांत प्रयोग केला, पेपर २०१३ मध्ये आला. काही कारखान्यांना पाच महिने फुकट सल्लागार दिले, काहींना नुसती महिनाभराची तपासणी. ३८ साध्यासुध्या सवयींची यादी होती. सूत नंबर लावून रॅकवर ठेवा, माग बिघडायच्या आधी सर्व्हिसिंग करा, डिफेक्ट कुठून येतात ते रोज लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोला, असल्या. पहिल्याच वर्षी प्रॉडक्टिव्हिटी १७ टक्के वाढली. नवीन मशीन एकही नाही.

मग हे आधी का केलं नाही? बऱ्याच मालकांना वाटत होतं की आपलं बरं चाललंय, यातून फायदा होणार नाही. हे वाचून मला आमचे काकाच डोळ्यासमोर आले, सुताचे कोन जिन्याखाली, बाथरूमसमोर, देवघराच्या मागे, आणि कुठला लॉट कुठे आहे ते फक्त त्यांनाच माहीत. काही वर्षांनी त्याच कारखान्यांत परत जाऊन बघितलं तर त्यातल्या साधारण निम्म्या सवयी सुटल्या होत्या. तरी निम्म्या टिकल्या, हे मला जास्तच वाटलं.

भारतीय कामगार कमी काम करतो हे सिद्ध झालंय म्हणतात, खरं का?

हे बहुतेक ग्रेगरी क्लार्कच्या १९८७ च्या पेपरवरून येतं. १९१० च्या आसपास न्यू इंग्लंडमधला एक गिरणी कामगार जेवढं काम काढायचा तेवढ्याला ब्रिटनमध्ये दीड, जर्मनीत २.३ आणि ग्रीस, जपान, भारत, चीनमध्ये जवळपास सहा माणसं लागायची, तीही बऱ्याच अंशी सारख्याच मशीनवर. आकडे मी नाकारत नाही. पण वरचा अ आणि ब आठवा. मजुरी स्वस्त असेल तर एका माणसाला कमी माग देणं ही गिरणीमालकाची चूक नाही, हिशोबच तसा येतो. आणि मुंबईत मालकांनी कामगारामागे माग वाढवायला घेतले तेव्हा काय झालं? १९२८ चा सहा महिन्यांचा संप झाला, त्यात हे रॅशनलायझेशन मोठं कारण होतं. दोनाचे तीन माग म्हणजे तीनातला एक जण घरी, हे सांगायला कोणाची डिग्री लागत नाही. क्लार्कने भावाचा मुद्दा तपासला होता आणि त्याच्या मते एवढ्याने सहापट फरक पडत नाही. माझं एवढंच म्हणणं, "कामगार वाईट" असं एका ओळीत संपवण्यासारखं हे नाही.

लोडशेडिंगमुळे किती बुडतं? जेवढे तास वीज नाही तेवढं उत्पादन गेलं ना?

मागाला थेट तसंच लागू पडतं असं वाटतं, पण सगळीकडे नाही. ऑलकॉट, कोलार्ड-वेक्सलर आणि ओ'कॉनेल यांनी २०१६ मध्ये भारतातल्या कारखान्यांवर काम केलं, सरासरी वीजटंचाईने कारखान्याचा महसूल ५ ते १० टक्के घटतो, पण प्रॉडक्टिव्हिटीचं नुकसान बरंच कमी. कारण वीज गेली म्हणून सूत सडत नाही, ते पडून राहतं आणि नंतर वापरलं जातं. वाया जातो तो बसलेल्या माणसाचा आणि उभ्या मशीनचा वेळ. जनरेटर असलेल्याचं उत्पादन बुडत नाही, त्याचा खर्च वाढतो, आणि हा खर्च कापडाच्या मीटरच्या हिशोबात कुठेच दिसत नाही.

गरमीचंही तसंच. वर्षाचं तापमान एक अंशाने वाढलं तर कारखान्याचं उत्पादन साधारण २ टक्के घटतं असं भारतातल्या डेटावर २०२१ च्या पेपरमध्ये आलंय. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलची दुपारची पाळी केलेल्याला यासाठी पेपर लागणार नाही.

एक दिवसाचा बंद झाला की "इतक्या हजार कोटींचं नुकसान" छापून येतं, तो आकडा कसा काढतात?

बहुतेक वेळा वर्षाचं उत्पन्न भागिले ३६५, बास. हा आकडा वाचून मला हसू येतं. बुधवारी बंद होता म्हणून तुम्ही साडी घेतलीच नाही का? गुरुवारी घेतली. कारखान्याने रविवारी पाळी चालवून माल भरून काढला. खरं गेलं ते जे पुढे ढकलता येत नाही, म्हणजे वडापाव, रिक्षाचं भाडं, रोजंदारीवाल्याचा दिवस, नासलेली भाजी. म्हणजे मोठ्या आकड्यातला मोठा भाग खोटा आणि छोट्या माणसाचं नुकसान खरं, आणि बातमी नेमकी उलटी.

लांबलेल्या संपाचं गणित वेगळं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्या थांबल्या, सुमारे अडीच लाख कामगार. त्यात बुडालेले मनुष्यदिवस मोजले गेले, पण कापड? ते भिवंडी आणि इतर ठिकाणच्या यंत्रमागांवर निघालंच. गिरणीचं बुडालेलं उत्पादन आणि देशाचं बुडालेलं उत्पादन एक नव्हतं. बुडाले ते गिरणगावातले संसार, आणि मीटरच्या रकान्यात ते येत नाहीत.

देशपातळीवर हे कोण मोजतं?

रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखान्यांना विचारून कपॅसिटी युटिलायझेशन (क्षमतेच्या किती टक्के वापर झाला) काढते. साधारण ७० ते ७५ टक्क्यांच्या आसपास असतं, एप्रिल ते जून २०२० च्या लॉकडाऊन तिमाहीत ते ४७.३ वर आलं होतं. पण "कपॅसिटी" म्हणजे काय ते कंपनीच सांगते हे विसरू नका. अख्ख्या अर्थव्यवस्थेसाठी आउटपुट गॅप काढतात, म्हणजे होऊ शकली असती ती जीडीपी आणि झालेली जीडीपी यातलं अंतर, तो अर्थतज्ज्ञ आर्थर ओकुनच्या १९६२ च्या कामापासून चालत आलाय, आणि त्यातली संभाव्य जीडीपी ही बरीचशी आकड्यांतून इस्त्री फिरवून काढलेली रेष असते.

श्ये आणि क्लेनाव यांचं २००९ चं काम वेगळ्या वाटेने जातं. त्यांचं म्हणणं, भारतात चांगल्या कारखान्यांना भांडवल आणि माणसं कमी मिळतात, वाईटांना जास्त, ही वाटणी अमेरिकेइतकी जरी बरी असती तरी कारखानदारीची प्रॉडक्टिव्हिटी ४० ते ६० टक्के वाढली असती. आकडा भारीच आहे, म्हणून सगळे सांगतात. पण सर्व्हेमध्ये कोणी चुकीचं लिहिलं तर तेही "वाईट वाटणी" म्हणूनच मोजलं जातं. आमच्याकडे सर्व्हेचा फॉर्म भरणारा माणूस कसा भरायचा ते बघितल्यामुळे मी हा आकडा जरा जपूनच घेतो.

११ मीटर बुडाले, पैशात किती?

११ गुणिले विक्रीचा भाव करू नका, सगळे तेच करतात. समजा भाव ४० रुपये मीटर. त्यात सूत २८, सायझिंग ३, कामगाराची मजुरी २, वीज २. कापड निघालंच नाही तर हे ३५ रुपये खर्चही झाले नाहीत. मालकाचे बुडाले मीटरला ५, म्हणजे ५५ रुपये, ४४० नाही. कामगाराचे बुडाले २२. आणि बाजारात मंदी असेल, गोडाऊनला आधीच माल पडून असेल, तर त्या ११ मीटरची किंमत शून्य, उलट निघाले नाहीत ते बरं झालं. बीम सायझिंगवरूनच उशिरा येत असेल तर माग जोरात चालवून उपयोग काय, तो लवकर रिकामा होऊन उभा राहील.

बी.कॉम.ला नॉर्मल लॉस आणि अ‍ॅबनॉर्मल लॉस होतं, तेच का हे?

चुलत भाऊ आहेत. कॉस्टिंगमध्ये ठरलेली घट उरलेल्या मालाच्या किमतीत मिसळून टाकतात आणि वरची घट वेगळी दाखवतात. धोका असा की "नॉर्मल" एकदा लिहिलं की दहा वर्षं कोणी त्याला हात लावत नाही. फॅरेल निदान शेजाऱ्याकडे बघायला लावतो.

आमचं छोटं युनिट आहे, सॉफ्टवेअर नाही. सुरुवात कशी करू?

वही घ्या. प्रत्येक मागाला एक पान, माग थांबला की वेळ आणि कारण, सहाच कारणं ठेवा: ताण्याचा तार, बाण्याचा तार किंवा कांडी, बीम नाही, बिघाड, वीज, माणूस नाही. जास्त कारणं दिली की कोणी लिहीत नाही. पंधरा दिवस पगार, दंड, बक्षीस कशालाच ती वही जोडू नका. आमच्याकडे मी पहिल्यांदा ठेवली तेव्हा आठवड्यात ऐंशी टक्के कारण "वीज" निघालं, ज्या आठवड्यात वीज एकदाच गेली होती. कारण विचारलं तर एक जुना कामगार म्हणाला, "मालक, विजेला कोणी शिव्या देत नाही."